वरच्या खोलीतला रहिवासी

मला किळस सहजासहजी येत नाही. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे साचे येतात, कधी त्यांना रक्त लागलेलं असतं, कधी कालचं जेवण. ते धुऊन पुसून झालं की मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून माझा डबा खाते. त्यामुळे माझ्या सख्ख्या भावाकडे बघून मला मळमळलं असं मी म्हणते, तेव्हा ते उगाच म्हणत नाही.

घरात आम्ही चौघं. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी, दादाची धाकटी, बिनलग्नाची बहीण. मुलीला सगळे टिटवी म्हणतात, कारण लहानपणी ती एकदा बोलायला लागली की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. आता बारावी झाली, बोलणं कमी झालं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. टिटवीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. हे खूळ आईबापांनी भरवलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या कुत्रीच्या कानात किडे पडले होते तेव्हा ही पोरगी चिमटा घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि एकेक किडा काढत राहिली. मी बघायला म्हणून गेले आणि दारातूनच परत फिरले.

आमच्या गावाला लागूनच नदी आहे, आणि नदी हीच राज्याची हद्द. पुलाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे दुसरं राज्य. एरवी कोणी त्याचा विचारही करत नाही. लोक पलीकडे भाजी आणायला जातात, केस कापायला जातात. टिटवी अकरावी-बारावी पलीकडेच शिकली, कारण आमच्या बाजूच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला कोणी उरलंच नव्हतं. सकाळी सायकलवरून पूल ओलांडायची आणि संध्याकाळी घरी यायची. जेवायची इथे, झोपायची इथे, आजारी पडायची तीही इथेच.

पण विद्यापीठ सरकारी, आणि सरकारी विद्यापीठात हद्द मोजतात. जनावरांच्या डॉक्टरकीच्या बहुतेक सगळ्या जागा राज्यातल्या रहिवाशांना. उरलेल्या मूठभर जागांवर बाहेरची पोरं तुटून पडतात, आणि तिथे इतके मार्क लागतात की ते मिळवणाऱ्याने दोन वर्षं आकाशाकडे मान वर करून पाहिलेलं नसतं. टिटवीचे मार्क चांगले होते. राज्यातली म्हणून जागा नक्की, बाहेरची म्हणून नावसुद्धा लागणार नाही, असे. म्हणजे ही पोरगी कुठे राहते, एवढ्या एकाच गोष्टीवर तिचं सगळं अडलेलं होतं. आणि ती कुठे राहते हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

ज्यांची शाळा दुसऱ्या राज्यातली, किंवा ज्यांचे आईवडील दुसऱ्या राज्यात राहतात, अशांच्या घरी विद्यापीठाचा माणूस येऊन बघून जातो. पोर खरंच तिथे राहतं का, गेली दोन वर्षं राहत होतं का. अंथरूण बघतात, कपाट उघडतात, शेजाऱ्यांना विचारतात. हे मला चांगलं वाटलं होतं. म्हटलं, येऊ दे, बघू दे. आमच्या टिटवीची खोली एकदा बघितली की आंधळ्यालाही कळेल.

आता दादाच्या साहेबांकडे येते.

दादा एका कंपनीच्या गोदामाचा व्यवस्थापक. कंपनीचं मुख्य ऑफिस पुलापलीकडे, आणि तिथे बसतात त्याचे साहेब. साहेबांचं नाव घरात निघालं की दादा बसल्या जागी सरळ होतो. फोन आला तर उभा राहतो. एकदा अंघोळ करताना साहेबांचा फोन आला तर हा माणूस साबणाच्या फेसात, टॉवेल धरून, ‘हो सर, हो सर’ करत बोळात उभा होता. वहिनी हसली. मला हसू आलं नाही.

साहेबांना डेअरी काढायची होती, आणि डॉक्टर घरचाच हवा होता. मुलगा टिटवीएवढाच. मार्क बेताचे. त्यांच्या राज्यात त्याला कोणी दारात उभं केलं नसतं, आमच्या राज्यात रहिवासी म्हणून कडेला लागला असता. तर दोन वर्षांपूर्वी साहेबांनी दादाला केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि म्हणाले, तुमचा पत्ता वापरला तर चालेल ना? दादा घरी आला तो जमिनीवर पायच टेकत नव्हता. कागदोपत्री दादा त्या मुलाचा स्थानिक पालक झाला. आमच्या बाजूच्या एका शाळेत त्याचं नाव घातलं गेलं. ही तीच शाळा, जिथे जीवशास्त्र शिकवायला कोणी नव्हतं म्हणून आमची पोरगी पूल ओलांडत होती. तिथे तो मुलगा कधी गेला नाही, आणि हजेरी मात्र त्याची रोज लागली.

“अरे, पण हा आपल्या टिटवीच्याच जागेवर बसणार ना?” मी तेव्हा विचारलं होतं.

“जागा काय एकच आहे का?” दादा म्हणाला. “तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे.”

मी त्या मुलाचं नाव राजपुत्र ठेवलं. दोन वर्षांत तो आमच्या घरी एकदा आला, तोही साहेब गाडीत बसून राहिले म्हणून पाणी प्यायला. कोपऱ्यावरची कुत्री जवळ आली तर गाडीत उडी मारून बसला. हा जनावरांचा डॉक्टर होणार होता.

निकाल लागले, अर्ज गेले, आणि एके दिवशी निरोप आला की दोन दिवसांनी पडताळणीला येणार. एकाच घरातून दोन अर्ज होते, म्हणून दोघांचीही एकदमच. दादाने त्या दिवशी गोदामातून रजा काढली. टिटवीच्या परीक्षेला त्याने कधी रजा काढली नव्हती.

गच्चीवर आमची एक खोली आहे, तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि वहिनीच्या शिवणयंत्राचं खोकं पडलेलं असतं. ती राजपुत्राची खोली ठरली. मोडक्या खुर्च्या गॅरेजवाल्याकडे गेल्या, जाळी-जळमटं निघाली. मग दादा कमरेवर हात ठेवून खोलीच्या मधोमध उभा राहिला.

“नवीन सामान आणून चालणार नाही,” तो म्हणाला. “नवीन दिसलं की पकडतात. मागच्या वर्षी एकाच्या गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं म्हणे. वापरलेलं पाहिजे. याच वयाच्या पोराने दोन वर्षं वापरलेलं.”

आणि तो जिना उतरून सरळ टिटवीच्या खोलीत गेला.

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. वाटलं, एखादी चादर घेत असेल. त्याने गादी गुंडाळली. मग उशी. मग टेबल, ज्याच्यावर तिच्या कोपराने पॉलिश घासून पांढरा डाग पडलाय. दिवा. पुस्तकं. कपाटातले तिचे कपडे काढून वहिनीने माझ्या खोलीत आणून टाकले, आणि रिकामं कपाट दादा आणि गॅरेजवाल्याने मिळून वर चढवलं. शेवटी भिंतीवरचं चित्र राहिलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे तिने स्वतः रंगवले होते, प्रत्येकाचं नाव बारीक अक्षरात लिहिलेलं. खाली कोपऱ्यात तिची सही होती. दादाने कात्री आणली आणि तो कोपरा कापून टाकला.

“दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?” मी ओरडले. “हिचीही पडताळणी आहे. विद्यापीठाचा माणूस हिच्या खोलीत येऊन काय बघणार, भिंती?”

“हिचं कोण कशाला बघतंय? ही इथलीच. जन्म इथला, बाप इथला. आपल्या पोरीला काय सिद्ध करायचंय?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. हेच तर मला आजही खुपतं. तो दुष्टपणाने करत नव्हता. जे खोटं आहे ते नीट मांडावं लागतं, आणि जे खरं आहे ते आपोआप दिसतं, अशी त्याची पक्की समजूत होती. “हिला बघितलं की कळतंच,” तो म्हणाला. “त्या मुलाला बघून कळणार नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.”

संध्याकाळी तो पुस्तकं घेऊन बसला. टिटवीला सवय आहे, पुस्तक आणलं की पहिल्या पानावर नाव घालायचं. तो एकेक पुस्तक मांडीवर घ्यायचा, पहिलं पान फाडायचा आणि पुस्तक बाजूला ठेवायचा. मटार सोलावेत तसं चाललं होतं. वह्यांवर सगळीकडे तिचं अक्षर, म्हणून वह्या त्याने पोत्यात भरून गोदामात नेऊन ठेवल्या. टिटवी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

“बाबा, परत आणाल ना?” एवढंच तिने विचारलं.

“अगं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.” मग त्याने तिला जवळ बसवलं आणि आवाज मऊ केला. त्या मऊ आवाजाची मला जास्त शिसारी आली. “हे बघ, हा मुलगा पकडला गेला तर साहेब मला ठेवणार नाहीत. या वयात मला कोण नोकरी देणार? तू समजूतदार आहेस.”

टिटवीने मान हलवली. समजूतदार म्हटलं की आपल्याकडे मुलींचं तोंड बंद होतं, आणि दादाला ते चांगलं माहीत होतं.

पडताळणीच्या दिवशी सकाळी साहेबांची गाडी राजपुत्राला सोडून गेली. अंगाला अत्तराचा घमघमाट, हातात फोन. दादाने त्याला घरभर फिरवलं. हे दिव्याचं बटण, हा पंखा, याला दोनदा दाबावं लागतं. शेजारच्या आजींना ‘काकू’ म्हणायचं. मोरी इकडे. मुलगा जांभया देत होता. गादीवर बसून बघितलं आणि म्हणाला, “फारच कडक आहे हो.” माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला, नाहीतर त्याच्या डोक्यावर रिकामा झाला असता.

विद्यापीठाच्या बाई आल्या. मध्यमवयीन, किडकिडीत, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. गळ्यात ओळखपत्र. वहिनीने चहा पुढे केला तर नको म्हणाल्या, फक्त पाणी घेतलं. मला त्या आवडल्या. म्हटलं, ही बाई बघेल.

त्या आधी वर गेल्या. कपाट उघडलं, त्यात राजपुत्राचे कपडे, दादाने घड्या विस्कटून ठेवलेले. गादीवर हात दाबला. टेबलावरचा पांढरा डाग बघितला. पुस्तकं चाळली.

“पहिली पानं कुठे गेली?”

“जुनी पुस्तकं घेतली होती,” राजपुत्र म्हणाला. हे त्याला नीट पढवलेलं होतं. “आधीच्या मुलाचं नाव होतं.”

“हे चित्र?”

“मीच काढलंय.”

बाईंनी चित्राजवळ जाऊन बघितलं. “छान काढलंयस,” म्हणाल्या, आणि फोटो घेतला. टिटवी माझ्या शेजारी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती चित्राकडे बघत नव्हती, खाली बघत होती.

“आणि मुलीची खोली?” बाईंनी विचारलं.

दादा हसत हसत पुढे झाला. “हो, हो, या ना, ती काय, खालीच आहे.” आणि त्याने दार उघडलं.

मी माझ्या भावाचा चेहरा त्या क्षणी बघितला. सकाळपासून त्याने त्या खोलीत डोकावूनसुद्धा बघितलं नव्हतं. आत काहीही नव्हतं. जमिनीवर टेबलाच्या पायांच्या चार खुणा होत्या, भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे होते, आणि मधोमध वहिनीच्या शिवणयंत्राचं ते खोकं होतं, वरून उतरवून इथे ठेवलेलं. त्याचं हसू तसंच ओठांवर राहिलं, काय करावं हे न कळल्यासारखं.

“ही मुलगी इथे झोपते?”

“ती… आत्याकडे झोपते हल्ली,” वहिनी घाईघाईने म्हणाली.

बाई माझ्या खोलीत आल्या. एक खाट, माझी. कोपऱ्यात कपड्यांचा ढीग, पाहुणी आल्यावर असतो तसा. “पुस्तकं? वह्या? नुकतीच बारावी झाली ना?” बाईंनी हातातला कागद उलटला. “शाळा तर पलीकडची आहे हिची,” बाई स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या.

मग माझा बांध फुटला. “वरचं सगळं हिचं आहे,” मी म्हणाले. “गादी हिची, टेबल हिचं, पुस्तकं हिची. ते चित्र हिने काढलंय. परवा सगळं उचलून वर नेलंय. तो मुलगा इथे एक दिवस राहिलेला नाही. त्याला विचारा गाईला पोटं किती.”

दादा पांढराफटक पडला. राजपुत्र फोन खिशात घालून पहिल्यांदाच सरळ उभा राहिला. वहिनी म्हणाली, “वन्सं, काय बोलताय?” बाईंनी माझ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि घरातली भांडणं बघून बघून कंटाळलेल्या माणसाच्या आवाजात टिटवीला विचारलं,

“तू सांग. वरची खोली कोणाची आहे?”

टिटवीने बापाकडे बघितलं. त्याने काही खूण केली नाही. नुसता बघत होता, हात जोडायचे बाकी ठेवून.

“त्याची,” टिटवी म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं. शेजाऱ्यांना विचारायची त्यांना गरजच उरली नाही. जाताना मला म्हणाल्या, “ताई, मी जे दिसतं तेच लिहिते. मुलीनेच असं सांगितल्यावर माझ्या हातात काय उरतं?” त्यांचं काही चुकलं होतं असं मी म्हणू शकत नाही.

निकाल आला तो अपेक्षेप्रमाणेच. राजपुत्र राज्यातला रहिवासी, जागा पक्की. टिटवी बाहेरची. बाहेरच्यांच्या यादीत तिचं नाव इतकं खाली होतं की तिने शोधायचंही सोडून दिलं. साहेबांनी दादाला फोन करून अभिनंदन केलं, आणि दादा उभा राहून ‘थँक यू सर’ म्हणाला. कोणाचं अभिनंदन, कशाबद्दल, हे त्याने विचारलं नाही.

त्याहून किळसवाणी गोष्ट पुढेच होती. कॉलेज आमच्या गावापासून जवळ. साहेबांनी सुचवलं की वसतिगृहापेक्षा मुलगा तुमच्याकडेच राहिला तर बरं, नाहीतरी खोली तयारच आहे. दादा हो म्हणाला. राजपुत्राने एक नवी गादी तेवढी आणली, कारण आमची कडक होती. बाकी टेबल, दिवा, कपाट तिथेच राहिलं. “आता मागायचं कसं?” दादा म्हणाला. “बरं दिसत नाही ते.” टिटवीची गादी खाली आली आणि ती माझ्या खोलीत जमिनीवर झोपू लागली. तिच्या रिकाम्या खोलीत वहिनीने शिवणयंत्र मांडलं, उजेड चांगला येतो म्हणून.

पलीकडच्या राज्याच्या विद्यापीठात मी चौकशी केली. तिथे त्यांनी विचारलं, शाळा आमच्याकडची आहे, पण पत्ता? पत्ता अलीकडचा, म्हणजे तिथेही ती बाहेरचीच. हे ऐकून दादा उत्साहाने म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, पुढच्या वर्षी आमचा पत्ता वापरा. हिची खोली तिथे मांडू.” हे सांगताना त्याचा चेहरा इतका निरागस होता की मला जेवणावरून उठावं लागलं.

अपिलाची एक वाट होती. घराच्या प्रमुखाने स्वतः विद्यापीठात येऊन सांगायचं की पडताळणीच्या दिवशी घरात नेमकं काय होतं. तसं झालं तर पुन्हा माणूस पाठवतात. हे मला कळल्यावर मी टिटवीला सांगितलं, दादाला सांगितलंच नाही. टिटवीने सांगितलं. मी दाराबाहेर होते.

“बाबा, तुम्ही एकदाच या,” ती म्हणत होती. “त्या मुलाचं काही सांगू नका. फक्त माझं सांगा. मी इथे राहते एवढंच.”

“येतो की,” दादा म्हणाला. “माझी पोरगी आहेस तू. का नाही येणार?”

आम्ही तिघं गेलो. दादा आणि टिटवी स्कूटरवर, मी बसने. दादाने साहेबांकडे जाताना घालतो तो शर्ट घातला होता. अधिकारी म्हणून एक तरुण गृहस्थ होते, समोर पंख्याने उडणारे कागद, त्यांवर वजन म्हणून पाण्याचा ग्लास. त्यांनी सरळ विचारलं.

“ही तुमची मुलगी तुमच्या घरात राहते?”

“हो, हो. राहते ना.”

“अहवालात लिहिलंय की तिच्या खोलीत बिछाना नव्हता, पुस्तकं नव्हती. का नव्हती?”

दादाने रुमालाने कपाळ पुसलं. “त्या दिवशी जरा आवराआवर चालली होती.”

“सामान कुठे होतं?”

“इकडे तिकडे.”

“वरच्या खोलीत होतं का? घरातल्याच एका बाईंनी तसं म्हटल्याची नोंद आहे.” गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, मला कोणाला अडकवायचं नाही. पण वरची गादी या मुलीची असेल तर त्या मुलाची कोणती होती? तेवढं सांगा, म्हणजे मी हिच्यासाठी परत माणूस पाठवतो.”

मी दादाच्या पाठीमागे उभी होते. त्याच्या मानेवरचा घाम कॉलरमध्ये उतरताना मला दिसत होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्याने नोकरी गेली असती, मी नाही म्हणत नाही. पण माझा पगार होता, घर आमचं स्वतःचं होतं, उपाशी कोणी मेलं नसतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल. एकदा तरी बोल, दादा.

“वरची गादी त्या मुलाचीच,” दादा म्हणाला. मग खाकरला. “मुलगी म्हणजे… कसं आहे साहेब, तिची शाळा पलीकडे. मैत्रिणीही तिकडच्याच. ती तशी घरी येऊन-जाऊनच असते.”

येऊन-जाऊन. जन्मापासून ज्या घरात तिचे दात आले आणि पडले, त्या घरात. आणि त्या परक्या गृहस्थांनाही त्याने साहेबच म्हटलं.

गृहस्थांनी टिटवीकडे बघितलं. मला वाटलं ती रडेल. वाटलं ती आता तरी ओरडेल, लहानपणी ओरडायची तशी, थांबणार नाही. ती बापाकडे बघत होती. रागाने नाही. पत्ता विचारावा आणि समोरच्याला माहीत नसावा, तशी.

“बरोबर आहे त्यांचं,” ती म्हणाली. “मी तिथे राहत नाही.”

“मग कुठे राहतेस?”

“ते आता बघते.”

गृहस्थांनी दोघांच्या सह्या घेतल्या. आम्ही खाली आलो. दादाने जिन्यावरच बोलायला सुरुवात केली. एक वर्ष काय, असं निघून जाईल. साहेबांनी शब्द दिलाय. पलीकडे मोठी खोली आहे, तू बघच. मी काही मुद्दाम केलं का, माझी परिस्थिती तू समजून घे. तू समजूतदार आहेस. मला त्याच्या तोंडावर हात दाबावासा वाटत होता. माझ्या पोटातून काहीतरी वर येत होतं, आणि इतक्या वर्षांत कुठल्याच रक्ताळलेल्या साच्याने ते वर आणलं नव्हतं. मी फाटकाशी जाऊन थुंकले.

मी परत आले तेव्हा दादाने स्कूटर चालू केली होती आणि दुसरं हेल्मेट टिटवीपुढे धरलं होतं.

“चल, बस. घरी जाऊ.”

“कोणाच्या?” टिटवीने विचारलं.

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत होती. दादाने हेल्मेट तसंच पुढे धरून ठेवलं. मग तिने माझी पिशवी माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि आम्ही दोघी बसच्या थांब्याकडे चालू लागलो. पुढच्याच आठवड्यात पुलापलीकडे मी एक खोली भाड्याने घेतली. दोन वर्षं तिथे राहिलं की टिटवी त्या राज्याची होते, तसा नियम आहे. आम्ही राहतोय. टिटवीची गादी आणि वह्यांचं पोतं मी आणलंय. टेबल आणलेलं नाही, ते मागायला दादाला अजून बरं वाटत नाही.